धसक्याला दवाखाना नव्हता : शहापूर-मुरबाडच्या दुखऱ्या मनाचा इतिहास

मुंबई-ठाण्याच्या मराठीत 'याला ठाण्याला पाठवा' एवढे म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. पुण्याकडे त्याच जागी येरवडा येतो. एखाद्या गावाचे नाव वेडाचा समानार्थी शब्द व्हावे, ही त्या गावाची थट्टा आहेच. पण त्यात एका संस्थेचा इतिहासही दडला आहे. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे मनोरुग्णालय ठाण्यात १९०१ साली सुरू झाले. तेव्हापासून आजतागायत जिल्ह्यातील माणसाच्या मनाशी सरकारचा जो काही संबंध आला, तो प्रामुख्याने या आवाराच्या दारातून आला.

शहापूर आणि मुरबाड हे याच ठाणे जिल्ह्याचे डोंगराकडचे दोन तालुके. एकाच्या अंगावरून कसारा घाट नाशिककडे चढतो, दुसऱ्याच्या अंगावरून माळशेज घाट जुन्नरकडे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली आणि त्यांच्याबरोबर कुणबी, आगरी अशी इथली वस्ती. या माणसांच्या बोलण्यात 'ठाण्याला जाणे' याला जुना, जड अर्थ आहे. कचेरी ठाण्याला, कोर्ट ठाण्याला, तुरुंग ठाण्याला. महादेव कोळ्यांच्या बंडाचा नायक राघोजी भांगरे २ मे १८४८ रोजी फासावर गेला तोही ठाण्याच्याच तुरुंगात. त्या यादीत विसाव्या शतकाच्या आरंभी वेड्यांच्या इस्पितळाची भर पडली. ठाण्याला माणूस आपण होऊन जात नसे. त्याला नेले जाई.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्याकडे वेडाला इमारत मिळाली, कायदा मिळाला, खाटा मिळाल्या. पण मागे घडून गेलेल्या एखाद्या प्रसंगाने आतून मोडलेल्या, तरीही कामाला जाणाऱ्या, पोरे सांभाळणाऱ्या माणसाला बसून बोलायला जागा मिळाली नाही. शंभर वर्षांत ती जागा भगताच्या अंगणात, जात्यापाशी, मोर्चाच्या सभेत अशी ठिकठिकाणी निघाली. मानसशास्त्रज्ञ मात्र सर्वांत शेवटी आला, आणि अजून पुरता पोचलेला नाही.

भाषेला ठाऊक असलेले दुखणे

मानसिक आघाताची कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, गावातल्या माणसाला ती काय कळणार, असे म्हणणारे लोक असतात. त्यांनी आधी आपली भाषा ऐकावी. 'त्यानं धसका घेतला', 'तिनं हाय खाल्ली', 'त्या दिवसापासून दातखीळच बसली', 'जिवाला घोर लागला' हे शब्दप्रयोग कुठल्या पाठ्यपुस्तकातून आलेले नाहीत. धसका घेतलेला माणूस साध्या आवाजाला दचकतो, त्याची झोप उडते, ज्या वाटेवर प्रसंग घडला ती वाट तो टाळतो, आणि माणसांत बसूनही माणसांत नसतो. आघातानंतरच्या मनोविकाराची जी लक्षणे डॉक्टर आज मोजतात, त्यांतली बरीच या एका शब्दात आहेत. 'हाय खाणे' तर त्याहून पुढे जाते. दुःखाने माणूस आतून संपत जातो आणि शेवटी त्याचे शरीरही हार मानते, ही जाण त्यात आहे.

उलट वैद्यकाला ही गोष्ट मान्य करायला वेळ लागला. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतणारे सैनिक थरथरत होते, मुके होत होते. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने १९१५ साली 'लॅन्सेट'मधल्या लेखात 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तरीही त्या सैनिकांना कितीतरी काळ भित्रे ठरवले गेले. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आघातोत्तर विकाराला स्वतंत्र नाव मिळाले. पुढे ज्युडिथ हर्मन यांनी १९९२च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, रणांगणावरचा सैनिक आणि घरात मार खाणारी बाई यांच्या मनाची मोडतोड एकाच जातीची असते. बरे होण्याच्या त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या : आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, आणि शेवटी माणसांत परत येणे. हा क्रम लक्षात ठेवायला हवा. पहिली पायरी नसेल तर दुसरी चढता येत नाही. रोज ज्याच्या हातचा मार खायचा आहे, त्याच्याच छपराखाली बसून जुनी जखम उघडता येत नाही.

आपल्या भाषेत धसक्याला शब्द होता, पण त्यावरच्या उपायाचे शब्द मात्र गप्प बसवणारे होते. 'झालं गेलं गंगेला मिळालं.' 'खपली काढू नये.' हे सल्ले दुष्टपणाने दिलेले नव्हते. ज्याच्या हातात दुसरे काहीच नाही, त्याने दिलेला तो धीर होता. पण आतली जखम चिघळत असेल, तर वरची खपली जपून भागत नाही.

डोंगरातल्या जखमा

या दोन तालुक्यांत जखमा कशाच्या होत्या? एकट्या-दुकट्याच्या असतातच, पण इथे पिढ्यान्‌पिढ्या एकाच तऱ्हेने होत आलेल्या जखमाही आहेत. इंग्रजी अमदानीत जंगल सरकारचे झाले, जमिनी सावकार-जमीनदारांच्या नावे गेल्या, आणि जो शेत कसत होता तो वेठीला लागला. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने आदिवासी भागांची पाहणी करून १९३०च्या दशकाच्या अखेरीस अहवाल दिला. कर्ज, वेठ आणि जुलूम यांची ती सरकारी कबुलीच होती. जुन्या ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' हा शब्द होता : लग्नासाठी चार पैसे उचलायचे आणि त्यापायी नवराबायकोने धन्याकडे राबत राहायचे. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली आला. पण कायद्याने सुटका झालेल्या माणसाला पुनर्वसन म्हणून पैसे, जमीन, जनावर देण्याची भाषा झाली. मार खाल्लेल्या पाठीच्या आत काय साठले आहे, हा सरकारी रकान्याचा विषय नव्हता.

त्यानंतर वीटभट्ट्या आल्या. आजही दिवाळी सरली की कातकरी पाड्यांतली घरे ओस पडतात. उचल घेतलेली कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोरेही बरोबर जातात. तिथे झालेली मारहाण, बाईवर पडलेला हात, भट्टीवर गेलेले मूल, हे सारे माणूस पाठीवरच्या बोचक्यासारखे घेऊन घरी येतो. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जातो. घाव घातलेल्या जागीच पोट बांधलेले असावे, ही इथल्या आघाताची खूण आहे.

तिसरी जखम पाण्याची. तानसा तलाव १८९२ साली पुरा झाला, पुढे भातसा धरण झाले, आणि शहापूर तालुका मुंबईची तहान भागवू लागला. स्वतः शहापुरातले कितीतरी पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुरबाडच्या बाजूला बारवी धरणाने, आणि पुढे त्याच्या वाढलेल्या उंचीने, गावपाडे उठवले. जमिनीचा मोबदला निघाला, निघाला नाही, यावर आंदोलने झाली. पण ज्या उंबऱ्यावर आई बसत असे तो उंबरा पाण्याखाली जाताना पाहणाऱ्या माणसाच्या शोकाला मोबदल्याच्या तक्त्यात रकाना नसतो.

एक जखम मात्र या भागाने नीट जपली आणि म्हणून ती सांभाळली गेली. मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दरवर्षी त्या तारखेला लोक गडावर जमतात, नावे घेतात, मान वाकवतात. शोकाला तारीख, जागा आणि सोबत मिळाली की तो इतिहास होतो. ज्यांना यातले काहीच मिळाले नाही, त्यांचा शोक दुखणे होतो.

भगताचे अंगण

मग हे दुखणे कोणाकडे जात असे? अर्थात भगताकडे. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली निघाले. त्याचे संपादक जेम्स कॅम्बेल यांना भुताखेतांच्या समजुतींचे इतके कुतूहल होते, की त्यांनी पुढे त्यावर स्वतंत्र टिपणेच लिहिली. वेलिंग यांचे कातकऱ्यांवरचे पुस्तक १९३४ चे, सावे यांचे वारल्यांवरचे १९४५ चे, ल. ना. चापेकर यांचे सह्याद्रीच्या ठाकरांवरचे १९६० चे. विसाव्या शतकात डोंगरातली ही माणसे अशी अभ्यासकांच्या पुस्तकांत येऊ लागली, आणि भगत हा त्यांच्या जगण्यातला एक खांबच होता.

भगत तांदूळ पाहतो, अंगात वारा घेतो, घुमतो, आणि दुखण्याचे कारण सांगतो : बाहेरचे आहे, अमक्या देवाचे राहिले आहे, कोणाची नजर आहे. मग उतारा, कोंबडे, नवस. बाहेरून पाहणाऱ्याला ही निव्वळ फसवणूक वाटते. पण मानसोपचाराच्या अभ्यासकाने त्यातल्या तीन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. भगत पाड्यातच असतो, त्याच्यासाठी एसटी पकडावी लागत नाही. त्याच्यापुढे आजारी माणूस एकटा बसत नाही, सगळे घरदार रात्रभर सोबत बसते. आणि तो दोष माणसाच्या आत ठेवत नाही, बाहेर ठेवतो. त्यामुळे धसका घेतलेल्या सुनेला 'तुझंच डोकं फिरलंय' असे ऐकावे लागत नाही. मुरबाड तालुक्यातील म्हशाच्या पौषातल्या यात्रेत पाठीत गळ टोचून नवस फेडण्याची जुनी चाल आहे. मनातली वेदना चारचौघांत अंगावर घेऊन दाखवण्याची ती एक रीत म्हणता येईल.

पण याच पद्धतीच्या पोटात क्रौर्यही होते. दोष बाहेर ठेवायचा तर तो कोणाच्या तरी माथी मारावा लागतो. तो बहुतेक वेळा एखाद्या विधवेच्या, एकट्या बाईच्या माथी मारला गेला. 'भुताळी' ठरलेल्या बाईला मारहाण झाली, पाड्याबाहेर काढले गेले. एकाचा धसका उतरवताना दुसरीला जन्माचा धसका दिला गेला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी जन्मभर झगडा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर त्याच वर्षी झाला. तो आवश्यकच होता. मात्र कायदा अघोरी उपाय थांबवू शकतो. उपायाची गरज थांबवू शकत नाही. भगताचे अंगण बंद करायचे तर त्या अंगणात रात्रभर मिळणारी सोबत कोण देणार, याचे उत्तर आरोग्यव्यवस्थेने द्यायचे होते.

बायकांची आणखी एक जागा होती : जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सह्याद्रीच्या पलीकडे, मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या गावांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. पहाटेच्या अंधारात, पुरुषमाणूस निजलेला असताना, दोघी बायका समोरासमोर बसून जे कुणाला सांगता येत नाही ते जात्याला सांगत. डोंगराच्या अलीकडच्या बाजूलाही दळण हातानेच होत होते. पिठाची गिरणी आली, बाईचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण दिवसातली तेवढी एक खासगी घटकाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी कोणी दिली नाही.

वेडाचा कायदा

आता सरकारी वाटेकडे वळू. १८५८ चा वेड्यांविषयीचा कायदा, १९१२ चा 'इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट' ही सारी भाषा बंदोबस्ताची होती. माणूस धोकादायक आहे का, त्याची मिळकत कोण पाहील, दंडाधिकाऱ्याचा हुकूम आहे का, असे प्रश्न त्यात होते. पोलीस आणत आणि न्यायालय पाठवत असे. पुढे 'ल्युनॅटिक असायलम'ची पाटी बदलून 'मेंटल हॉस्पिटल' झाली, तरी दाराची कडी बाहेरूनच राहिली. १९४६ साली भोर समितीने देशभरच्या आरोग्याचा हिशेब मांडला, तेव्हा चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या. एवढ्या तुटपुंज्या जागेत जो सर्वांत जास्त आरडाओरडा करतो, तोच आत जाणार हे उघड होते. गप्प बसलेल्याकडे कोण बघणार?

याच काळात मनाशी बोलून उपचार करण्याची विद्याही देशात आली होती. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यात मनोविश्लेषण संस्था काढली. मुंबईत टाटांच्या समाजकार्य विद्यालयात १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले, आणि जे. जे. रुग्णालयात १९३८ साली डॉ. के. के. मसाणी यांनी मनोविकाराचा बाह्यरुग्ण विभाग चालवायला घेतला. म्हणजे दाखल न होता, डोक्यावर 'वेडा' हा शिक्का न बसता, मनाच्या दुखण्यासाठी भेटीला जाण्याची सोय शहापूर-मुरबाडपासून शंभर किलोमीटरच्या आत होती. शहापूरजवळच्या आसनगावहून आगगाडीही होती. तरीही ती सोय गावाच्या कानावर गेली नाही. जे शहरातल्या इंग्रजी शिकलेल्या घरांना मिळाले ते 'समुपदेशन' होते, आणि जे डोंगरातल्या माणसाच्या वाट्याला आले ते 'ठाणे' होते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली जाहीर झाला, आणि १९९६ पासून त्याची जिल्हा पातळीवरची योजना सुरू झाली. कागदावर त्यात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका अशी तुकडी आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे औषध लिहून देणारा डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ म्हणजे बोलण्यातून उपचार करणारा, हा फरक सुशिक्षितांतही फारसा ठाऊक नसतो. गावात तर दोघेही 'वेड्यांचे डॉक्टर'. योजनेची तुकडी तालुक्याच्या रुग्णालयात ठरावीक दिवशी येते, बाहेर रांग असते. अशा वेळी गोळ्यांची चिठ्ठी पाच मिनिटांत लिहून होते. आघाताच्या उपचाराला मात्र तेच माणूस, तीच खोली, तासभर वेळ आणि आठवड्यामागून आठवडा लागतो. भोरांच्या काळात खाटा कमी होत्या, आज वेळ कमी आहे. गोळ्यांना कमी लेखायचे नाही, पुष्कळांना त्यांनीच उभे केले आहे. पण ज्याला सांगायचे आहे, त्याला ऐकणारा लागतो.

सभेत सांगितलेले दुःख

ऐकणारा या भागाला एकदा भेटला, पण तो दवाखान्यात नव्हता. ७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. शहापूरच्या रेल्वेमार्गावरचे, मुरबाडच्या शेजारचे हे ठिकाण. तिथे जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडचे वारलीही आले, आणि पुढे वेठबिगारीविरुद्धचा त्यांचा लढा पेटला. गोदावरी परुळेकर यांनी तो इतिहास 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितला आहे. मारहाणीची, अपमानाची, बायकांवरच्या अत्याचाराची हकिगत चारचौघांत बोलून दाखवणे, समोरच्यांनी 'माझंही असंच झालं' म्हणणे, आणि दोष आपला नव्हता हे प्रथमच कळणे : हर्मन यांच्या तीन पायऱ्यांपैकी शेवटची, माणसांत परत येण्याची पायरी, लोक इथे चढले. १९८०च्या दशकापासून विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या सुटकेचे काम ठाणे जिल्ह्यात नेटाने केले, तेव्हाही हेच घडले. आपला मालक आपल्याला मारू शकत नाही, हे समजणे हा फार मोठा उपचार आहे.

तरी सभेला मर्यादा असते. वेठ, मजुरी, जमीन यांचे दुःख सभेत मांडता येते, कारण ते सर्वांचे असते. काकाने लहानपणी केलेले वाईट कृत्य, नवऱ्याने रात्री केलेली जबरदस्ती, आपल्या हातून पाण्यात सुटलेले मूल, ही दुःखे ध्वनिक्षेपकावर सांगायची नसतात. त्यांना बंद दार लागते आणि ऐकलेले बाहेर न जाण्याची हमी लागते. पन्नास उंबऱ्यांच्या पाड्यात नेमके तेच मिळत नाही.

आघाताला सरकारी नाव

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आघाताकडे पाहिले गेले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर. हजारो माणसे झोपेत गाडली गेली. अन्न, पत्रे, घरे यांच्या जोडीने वाचलेल्यांच्या मनाचाही विचार व्हावा, यासाठी पुण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंपग्रस्त गावांत काम आणि अभ्यास केला. शाबूत मेंदूच्या माणसालाही मनाच्या उपचाराची गरज पडू शकते, हे सरकारी कामकाजात दाखल होण्याला किल्लारीचा मोठा हातभार लागला.

दुसरी वाट बायकांच्या प्रश्नावरून निघाली. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' या संस्थेने महापालिकेबरोबर 'दिलासा' केंद्र काढले. घरात मार खाल्लेली बाई 'पडले' म्हणून मलमपट्टीला येते, तेव्हा तिला तिथेच बसवून विचारायचे, ही साधी कल्पना त्यामागे होती. खुद्द ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था उभी केली. ठाणे या नावाला चिकटलेला अर्थ पुसायला तिने मोठी मदत केली. या शहरात माणूस आपण होऊन, भेटीची वेळ ठरवून, मनाच्या डॉक्टरकडे जाऊ लागला.

मग कायदे आले. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याने तपासाच्या आणि खटल्याच्या काळात मुलाला मानसशास्त्र जाणणाऱ्या व्यक्तीची मदत मिळावी असे म्हटले. २ ऑक्टोबर २०१३ पासून महाराष्ट्राने 'मनोधैर्य' योजना आणली. अत्याचार सोसलेल्यांना अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनही, असे तिचे स्वरूप. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. किमान सेवा जिल्ह्यात मिळत नसेल, तर ती दुसरीकडे घेण्याचा खर्च सरकारने द्यावा, इथपर्यंत तो कायदा जातो. १९१२ पासून इथवरचा प्रवास थोडा नाही. 'याला कुठे ठेवायचे' या प्रश्नाच्या जागी 'हिला काय हवे आहे' हा प्रश्न आला.

पण कायद्याची अंमलबजावणी मोजून करावी लागते, आणि मोजण्यातच उणीव आहे. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या घडीला मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के माणसे उपचारांपासून दूर होती. ती पाहणी बारा राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता.

शेजारच्या पेठेत

शहापूरच्या उत्तरेला नाशिक जिल्हा लागतो. तिथल्या पेठ या आदिवासी तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात, पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने 'आत्मीयता' नावाचा प्रयोग ४१ गावांत केला. कल्पना अशी की, गावातलीच विश्वासातली माणसे निवडायची. त्यांतल्या काहींनी फक्त हेरायचे : कोण गप्प झाले आहे, कोण जेवत नाही, कोण बाहेर पडत नाही. काहींना थोडे अधिक शिकवायचे : चार-सहा वेळा भेटून कसे ऐकायचे, दुःखात अडकलेल्याला पुन्हा रोजच्या कामाकडे कसे वळवायचे. रेशन, निवृत्तिवेतन अशा अडलेल्या कामांतही मदत करायची, कारण पोटाची काळजी तशीच ठेवून मनाची काढता येत नाही. आजार मोठा असेल तर रुग्णालयात पाठवायचे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने त्याआधीच दाखवले होते की, पदवी नसलेले पण नीट शिकवलेले समुपदेशक सरकारी आरोग्यकेंद्रांत नैराश्य आणि चिंता यांवर चांगले काम करू शकतात. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'ने छापले.

इतिहासाच्या नजरेने पाहिले तर या प्रयोगांत नवे फार थोडे आहे. भगताची जवळीक त्यात आहे, जात्याची समोरासमोरची बैठक आहे, सभेतले 'तू एकटी नाहीस' आहे. भुताळी ठरवण्याचे क्रौर्य तेवढे वगळले आहे, आणि ऐकलेले पोटात ठेवण्याची शिस्त घातली आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट ठेवायला हवी. नैराश्यावर जे गावातली ताई करू शकते, ते बलात्काराच्या किंवा बालपणीच्या अत्याचाराच्या आघातावर तिच्याकडून अपेक्षू नये. खपली अर्धवट काढून सोडली तर जखम वाढते. तिथे शिकलेला मानसशास्त्रज्ञच लागतो. गावातल्या माणसाने त्याच्यापर्यंतचा हात धरायचा असतो.

अजून लांब असलेली खोली

अशी गरज जुन्या काळातच पडत होती, असे समजू नये. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामावरचे यंत्र कोसळले आणि २० माणसे गेली. त्यांची नावे छापून आली, भरपाई जाहीर झाली. ज्यांनी अंधारात लोखंडाखालचे देह पाहिले, त्यांच्या झोपेचा प्रश्न बातमीत येत नाही. जुलै २०२५ मध्ये शहापुरातल्या एका खासगी शाळेत मासिक पाळीच्या संशयावरून मुलींची अंगतपासणी केल्याचे उघड झाले. गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. खटला न्यायालय पाहील. पण त्या मुलींतल्या एखादीला वर्षभराने, दहा वर्षांनी, शाळेच्या जिन्यावर पाय ठेवताना घाम फुटला, तर ती कोणाकडे जाणार?

आज तिच्यापुढे पर्याय असे आहेत. '१४४१६' हा 'टेली-मानस'चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. पण एका खोलीच्या घरात, सर्वांसमोर, फोनवर हे बोलायचे कसे? तालुक्याच्या रुग्णालयात केसपेपर काढायचा, तर रांगेत ओळखीचे कोणी ना कोणी भेटतेच आणि 'काय होतंय?' विचारते. कल्याण-ठाण्याला जायचे, तर मुरबाडला अजून आगगाडी नाही; एसटी किंवा काळी-पिवळी जीप, मग लोकल, तासाभराची भेट, आणि तोच परतीचा प्रवास. हे दर आठवड्याला. मजुरी बुडते, घरी कारण सांगावे लागते, आणि भेटीची फी वेगळीच. भट्टीवर गेलेल्या कातकरी बाईला तर हाही मार्ग नाही. शिवाय समोर बसलेल्या तज्ज्ञाची पुस्तकी मराठी आणि आपली ठाकरी किंवा कातकरी बोली, यांत सांगायचे निम्मे सांडते.

म्हणून इतिहासातून निघणारी मागणी फार मोठी नाही. दार बंद होणारी एक खोली हवी, आणि तिच्यावर 'मनोरुग्ण' अशी पाटी नको. आठवड्याचा ठरलेला वार हवा आणि दर वेळी तोच माणूस हवा. बोली समजणारी एक बाई त्याच्या जोडीला हवी. आणि दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत तीच सोय वीटभट्ट्यांच्या पट्ट्यात हवी, कारण त्या महिन्यांत माणसे तिथे असतात. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. २०१७ च्या कायद्याने हक्क दिलेलाच आहे.

शहापूरचे पाणी शंभर किलोमीटर वाहून मुंबईच्या नळाला पोचवायची विद्या आपण १८९२ सालीच मिळवली. उताराला लागलेले पाणी वाहतेच, त्याला फक्त वाट करून द्यावी लागते. ऐकणारा माणूस मात्र चढावर न्यायचा आहे, आणि चढाची वाट बांधायला नेहमीच उशीर होतो. तोवर डोंगरातले कोणी म्हणत राहील, तिने हाय खाल्ली. आणि ऐकणारे मान हलवतील, कारण या वाक्याचा अर्थ त्यांना डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक आहे.